डोळा मारणारा दिवा

घरात त्याला सगळे खटपट्या म्हणत. हे नाव आईने ठेवलेलं. शाळेत असताना त्याने घरातला एकुलता एक रेडिओ उघडला आणि पुन्हा जोडला. रेडिओ वाजायला लागला, पण दोन स्क्रू शिल्लक राहिले. आई म्हणाली, "खटपट्या आहे मेला." पुढे विमा कंपनीच्या कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, केस पिकले, तरी नाव काही सुटलं नाही. तसं ते त्याला आवडायचंही. रेडिओची गोष्ट तो पाहुण्यांना रंगवून सांगायचा. उरलेले दोन स्क्रू तेवढे वगळायचा.

त्याचा सगळा जीव अंगठ्याएवढ्या निळ्या बोर्डांत अडकलेला होता. मायक्रोकंट्रोलर म्हणतात त्याला. एक लहानशी पट्टी, तिच्यावर काळी चिप, दोन्ही अंगांना पायांची रांग. त्यात प्रोग्रॅम भरायचा, की तो सांगाल ते काम करतो. माशांना खाणं टाकतो, कुंड्यांना पाणी घालतो, दिवे लावतो आणि विझवतो. हौशी लोकांसाठी बनवलेली वस्तू. डब्यावर तसं छापलेलंही असायचं, की हे शिकण्यासाठी आणि छंदासाठी आहे, कुणाचा जीव यावर अवलंबून असेल अशा जागी वापरू नये. पण डब्यावरची बारीक अक्षरं वाचायची नसतात, ही जगातल्या यच्चयावत खटपट्यांची समजूत.

त्याने तो बोर्ड वापरू नये तिथेच वापरला. आणि खरं सांगायचं तर जन्मात तेवढंच एक काम त्याच्या हातून सोन्यासारखं झालं.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. आवाज असा, की या टोकाला बोली पुकारली तर त्या टोकाची कबुतरं उडायची. आणि दैवाची गंमत बघा, अशा माणसाची बायको ठार बहिरी. लहानपणच्या तापात वहिनींचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ बघून त्यांना सगळं समजायचं, बोलायच्याही स्पष्ट. पण पाठमोऱ्या असल्या, की अख्खा बाजार दणाणून सोडणारा तो आवाज फुकट जायचा. म्हणून दादाने लग्नानंतर एक युक्ती काढली. वहिनींची नजर आपल्याकडे वळायची वाट बघायची, आणि नजरानजर झाली की दोनदा डोळा मारायचा. म्हणजे, जरा इकडे ये. पाहुण्यारावळ्यांसमोरही तो खुशाल डोळा मारायचा. वहिनी लाजून लाल व्हायच्या, पण यायच्या.

मग दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. एवढ्या बडबड्या माणसाकडे सगळ्या भाषेतले दोनच शब्द उरले: असू दे. पाणी हवं असलं तरी असू दे, नको असलं तरी असू दे. उशी टोचते, असू दे. खिडकी लावा, असू दे. सूर तेवढा बदलायचा, आणि सूर वहिनींना ऐकू येत नव्हता.

तेव्हा खटपट्या कामाला लागला. दादाच्या डाव्या हाताशी, पलंगाच्या कडेला, त्याने तांब्याची एक पातळ पट्टी बसवली. बटण दाबण्याइतका जोर त्या बोटांतही राहिला नव्हता, पण नुसता स्पर्श झाला तरी बोर्डाला कळायचं. चादरीची घडी पडली तर ते वेगळं, माशी बसली तर वेगळं, आणि दादाचं बोट लागलं तर वेगळं. हे बोर्डाला शिकवता शिकवता त्याच्या नाकी नऊ आले. बोट लागलं, की तिकडे स्वयंपाकघरात ओट्याच्या वर लाल दिवा लागायचा आणि वहिनींनी खालची कळ दाबेपर्यंत जळत राहायचा.

नीट लागण्याआधी तो दिवा दोनदा लुकलुकायचा. हा खरं तर प्रोग्रॅममधला गलथानपणा होता. बोर्ड स्पर्शाची दोनदा खात्री करून घ्यायचा आणि दर खेपेला दिव्याला उगाच धक्का बसायचा. खटपट्या तो दोष काढणारच होता. पण पहिल्या दिवशी दिवा दोनदा लुकलुकला, आणि वहिनी हातातलं उलथनं तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे डोळा मारतायत."

मग तो दोष काढणं खटपट्याच्या जिवावर आलं. त्याने तो तसाच ठेवला.

"आणि हे बंद पडलं तर?" वहिनींनी त्याच दिवशी विचारलं होतं.

"पडत नाही. आणि पडलंच तर दोन जादा बोर्ड आणून ठेवलेत. तुमच्या नावाने. त्यांना मी हात लावणार नाही, वहिनी."

ठेवले होते, खरंच ठेवले होते. टेबलाच्या खणात, कागदात गुंडाळून. पण खटपट्याच्या खणात बोर्ड म्हणजे मांजराच्या राखणीला दूध. पहिला माशांच्या टाकीला गेला, दुसरा बाल्कनीतल्या कुंड्यांना. परत आणून ठेवू, बाजारात मिळतातच की, असं त्याने दोन्ही वेळा स्वतःला सांगितलं. यथावकाश मासे मेले, कुंड्या वाळल्या, आणि ते बोर्ड कुठल्या डब्यात गेले ते त्याचं त्यालाच आठवेना. तिकडे दादाच्या उशाशी मूळचा बोर्ड मात्र वर्षानुवर्षं चालत राहिला. उन्हाळे गेले, वीज गेली-आली, धूळ बसली, एकदा सूपही सांडलं. तो कधी चुकला नाही.

आता आकाशघड्याळाबद्दल सांगायला हवं. खटपट्याचं हौशी लोकांचं एक मंडळ होतं. दर रविवारी रंगाच्या दुकानाच्या माडीवर जमायचं आणि एकमेकांच्या वायरी बघून माना डोलवायचं. मंडळाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्यासाठी खटपट्याने पितळेच्या तबकडीवर सूर्य, चंद्र आणि ग्रह बसवले होते. आकाशात जो जिथे असेल तो तबकडीवर तिथे. दिवसभरात चंद्र किती सरकला ते त्यावर बघून सांगता यायचं. बायको म्हणायची, "खिडकीतून दिसतो की चंद्र." पण बायकांना काय कळतंय, असं म्हणून त्याने तो विषय सोडून दिला होता. प्रदर्शन तोंडावर आलं असताना त्याने एक वायर भलत्याच पायाला लावली. बारीकसा धूर निघाला आणि बोर्ड गेला.

तो दुकानात धावला.

"ते मॉडेल बंद झालं, साहेब," दुकानदार म्हणाला. "कंपनीने बनवणंच सोडलंय. हा घेऊन जा. सेम टू सेम आहे."

सेम टू सेम म्हणजे डुप्लिकेट. तोच निळा रंग, तेवढेच पाय, चिपेवरची अक्षरं जरा पुसट. घरी नेऊन घड्याळाला लावला, तर संध्याकाळपर्यंत चंद्र सूर्याच्या अंगावर गेला. डुप्लिकेटचं काळाचं गणितच कच्चं. कंपनीचं नवं मॉडेल मिळत होतं, पण त्याचं व्होल्टेज वेगळं, पायांची मांडणी वेगळी. सगळं पहिल्यापासून करायला लागलं असतं. त्याने इतर दुकानं पालथी घातली, मंडळातल्या लोकांना विचारलं. ज्यांच्याकडे होते ते देईनात, आणि जे द्यायला तयार होते त्यांच्याकडे नव्हते.

तेव्हा त्याच्या मनात तो विचार आला. दादाच्या दिव्याला कुठे मिनिटा-सेकंदाचा हिशेब लागतो? तिथे डुप्लिकेट चालेल की.

शनिवारी तो हत्यारांची पिशवी आणि लॅपटॉप घेऊन दादाकडे गेला. "जरा सर्व्हिसिंग करून टाकतो, वहिनी," म्हणाला. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. त्याने पलंगामागची पेटी उघडली. आत बोर्ड शांतपणे आपलं काम करत होता. त्याच्यावरचा हिरवा ठिपका जिवंत असल्याची खूण म्हणून लुकलुकत होता. दादा पडल्यापडल्या बघत होता.

"जुना झाला रे हा, दादा. नवा घालतो."

"असू दे," दादा म्हणाला.

"हो, असू दे, असू दे. दोन मिनिटांचं काम आहे."

"असू दे," दादा पुन्हा म्हणाला, आणि हलत होता तो डावा हात उचलून त्याने खटपट्याच्या मनगटावर ठेवला.

खटपट्याने तो हात प्रेमाने थोपटला आणि बाजूला करून चादरीवर ठेवला.

काम दोन मिनिटांत झालं नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती, ती राखणदाराचं काम करायची. बोर्ड कधी गोठून बसला तर ती त्याला गदागदा हलवून पुन्हा सुरू करायची. डुप्लिकेटला ती ओळ मानवेना. ती असली की तो सारखा सुरू होतोय, बंद होतोय, सुरू होतोय. शेवटी खटपट्याने त्या ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा मारल्या. प्रोग्रॅममध्ये दोन तिरप्या रेघा मारल्या की पुढची ओळ असून नसल्यासारखी होते. नंतर बघू, असं तो स्वतःशी म्हणाला. त्या लुकलुकीनेही घोळ घातला होता, एकदा सुरू झाली की थांबेचना, म्हणून तीही त्याने काढून टाकली. मग दादाच्या बोटाने पट्टीला स्पर्श करवला. आत दिवा लागला. सरळ लागला.

वहिनी चहाचा कप घेऊन दारात आल्या. "भाऊजी, डोळा नाही मारला."

इथेच सांगता आलं असतं. बोर्ड बदललाय, वहिनी, जुना मला हवा होता. एका वाक्याचं काम. पण पिशवीत जुना बोर्ड होता, आणि पिशवी त्याच्या पायाशी होती.

"मारला की," तो म्हणाला. "तुमची पापणी लवली असेल तेवढ्यात."

वहिनींनी पुन्हा लावून बघायला सांगितलं. पुन्हा दिवा सरळ लागला.

"नाही हो मारत."

"वहिनी, एकदा डोळे तपासून घ्या. वय झालं आता आपलं," असं म्हणून तो हसला. वहिनीही हसल्या. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

प्रदर्शनात आकाशघड्याळापुढे गर्दी हटेना. लोकांनी फोटो काढले, एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने दोनदा येऊन बघितलं, मंडळाच्या सेक्रेटरीने भाषणात त्याचं नाव घेतलं. खटपट्या तीन दिवस जमिनीवर नव्हता. नंतर घड्याळ त्याच्या हॉलमध्ये टेबलावर आलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणं सुरू झालं.

काही आठवड्यांनी एका दुपारी वहिनी स्वयंपाकघरात दिव्यासमोर बसून शेंगा सोलत होत्या. अचानक त्यांच्या पायाखालची फरशी हादरली. ऐकू न येणाऱ्या माणसाला घर पायांतून कळतं. त्या धावत खोलीत गेल्या, तर दादा पलंगाखाली पडलेला. चादर त्याच्याबरोबर खाली आलेली, डावा हात अजून वर, पट्टीच्या दिशेने. बहुधा बराच वेळ त्याने पट्टीला बोट लावून बघितलं होतं. मग स्वतःच उतरायला गेला.

वहिनींचा मेसेज आला तसा खटपट्या कचेरीतून निघाला. तो पोचला तेव्हा दादाला स्ट्रेचरवर घेत होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. वहिनी गाडीत चढल्या. "मी दार लावून येतो," खटपट्या म्हणाला आणि मागे राहिला.

त्याने पेटी उघडली. डुप्लिकेटवरचा ठिपका लुकलुकत नव्हता. नुसता जळत होता. बोर्ड गोठला होता, आणि त्याला हलवणाऱ्या ओळीपुढे दोन तिरप्या रेघा होत्या.

त्याने प्लग काढला आणि पुन्हा लावला. एवढंच. हाताला सवय होती, हात पुढे गेला. ठिपका लुकलुकायला लागला, आणि आपण काय केलं ते त्याला तेव्हा कळलं. चोराने जाताना पावलं पुसावीत, तसं ते झालं होतं. त्याने दार लावलं आणि तो दवाखान्यात गेला.

संध्याकाळी परगावाहून पुतणी आली. दादाची एकुलती एक मुलगी, नोकरीत मोठ्या हुद्द्यावर, हिशेबी आणि तडफदार. दवाखान्यातून आईला घेऊन घरी आली, सरळ पलंगाशी गेली आणि तिने पट्टीला बोट लावलं. स्वयंपाकघरात दिवा लागला.

"दिवा तर लागतोय, आई," ती आईकडे तोंड करून म्हणाली.

वहिनी त्या दिव्याकडे बघत राहिल्या.

"मी समोरच बसले होते गं. बघत होते." त्या खाली बसल्या. "मग माझाच डोळा लागला असेल."

"असं होतं, आई. तू दमतेस."

"भाऊजी म्हणाले होते, डोळे तपासून घ्या. मीच मनावर घेतलं नाही."

खटपट्या दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याला बोलायचं होतं. पण तेवढ्यात पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही होतात म्हणून बरं," आणि तिने त्याच्यासाठी पाणी आणलं. ते तो प्यायला.

त्यानंतरचे दिवस त्याचे त्यालाच माहीत. वहिनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. हे ऐकून कुणालाही बरं वाटलं असतं. वहिनींना वाटलं नाही. डोळे चांगले असताना दिवा दिसला नाही, म्हणजे आपलं डोकंच ठिकाणावर नाही, असं त्यांनी धरून घेतलं. दादाला दवाखान्यातून घरी आणल्यावर त्या त्याच्या खोलीतून हलेनात. पोळी तव्यावर जळायची, दूध उतू जायचं. झोपायच्या नाहीत. त्यांची नजर दादावरून सुटायची नाही, आणि दादाची खटपट्यावरून.

मग पुतणीने आजाऱ्यांची काळजी घेणारी एक संस्था शोधून काढली. चोवीस तास नर्स, स्वच्छ खाट, भेटायला रविवार. खटपट्याला वाटलं वहिनी भांडतील. नवऱ्याला एक दिवस दुसऱ्याच्या हातात न दिलेली बाई. पण वहिनी म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. माझ्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही." आणि त्या दादाच्या सदऱ्यांची बटणं तपासायला बसल्या. हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि तरीही तो घरी जाऊन जेवला.

म्हणजे, जेवायला बसला. ताटासमोरच ते आकाशघड्याळ. चंद्र अचूक जागी, ग्रह अचूक जागी. आपण दादाचं बोलणं चोरून आणून इथे मांडलंय, आणि वरून लोकांना दाखवतोय, असं त्याला वाटायचं. वाटायचं कसलं, तसंच होतं ते. रोज तो ठरवायचा, आज जाऊन सांगायचं. कचेरीतून निघताना वाक्यं जुळवायचा. दादाच्या दारापर्यंत ती शाबूत असायची. आत गेल्यावर वहिनी विचारायच्या, "चहा घेणार ना, भाऊजी?" आणि तो म्हणायचा, "अर्धा कप."

दादाला सोमवारी न्यायचं ठरलं. रविवारी सकाळी खटपट्याने आकाशघड्याळाचं मागचं झाकण उघडलं, बोर्डाच्या वायरी सोडवल्या आणि तो बाहेर काढला.

"अहो, चंद्र का थांबला?" बायकोने विचारलं.

"अमावास्या आहे."

"परवा तर पौर्णिमा झाली."

बायकोने त्याच्या तळहातावरच्या बोर्डाकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. पंचवीस वर्षांचा संसार होता. काहीतरी कळलं असावं, किंवा कधीचंच कळलेलं असावं.

"जा," ती म्हणाली. "नुसती पक्कड घेऊन जाऊ नका. तोंडही घेऊन जा बरोबर."

जुना प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये होता तसाच होता. राखणदाराची ओळ रेघांशिवाय. तो त्याने जुन्या बोर्डात भरला. त्या प्रोग्रॅममध्ये लुकलुकही होती. ती काढायची तो विसरला होता, का त्याने मुद्दाम ठेवली, ते त्याला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

दादाच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी बॅग उघडी होती. वहिनी कपाटाकडे तोंड करून कपडे काढत होत्या. एकेक सदरा झटकायच्या, घडी घालायच्या, बॅगेत ठेवायच्या. खटपट्या पलंगामागे उकिडवा बसला तसं त्यांनी वळून बघितलं.

"आता कशाला, भाऊजी? उद्या तर जातायत हे."

"असू दे," खटपट्या म्हणाला. दादाचा शब्द आपल्या तोंडी आला हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

वहिनी पुन्हा कपाटाकडे वळल्या. त्याने डुप्लिकेट काढला, जुना बसवला, आणि एकेक वायर तापलेल्या कथिलाने झाळायला सुरुवात केली. झाळताना मान खाली घालावीच लागते. त्या खाली घातलेल्या मानेने तो बोलायला लागला. हळू आवाजात, बोर्डाकडे बघत.

"दादा, हा मीच नेला होता. माझ्या त्या घड्याळासाठी. त्या जागी डुप्लिकेट टाकला. तो गोठला होता त्या दिवशी. वहिनींची काही चूक नव्हती. तू मला नको म्हणत होतास. मला कळलं नाही. नाही, कळलं होतं. मी कळून घेतलं नाही."

"असू दे," वरून दादाचा आवाज आला. मऊ, थकलेला आवाज.

खटपट्याच्या छातीवरचं ओझं हललं. सांगून झालं, दादाने ऐकलं, असू दे म्हणाला. आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. ऐकणाऱ्या भावाला त्याने सांगितलं होतं, आणि जिला सांगायचं ती पाठमोरी उभी होती. पाठमोऱ्या बहिऱ्या बाईमागे बसून मन मोकळं करायला फार मोठं काळीज लागत नाही.

त्याने प्लग लावला. हिरवा ठिपका लुकलुकायला लागला.

वहिनी सदरा हातात घेऊन पलंगाकडे वळल्या, आणि दादाने डावा हात सरकवून पट्टीवर बोट ठेवलं.

उघड्या दारातून ओट्यावरचा दिवा दिसत होता. तो दोनदा लुकलुकला आणि मग लागला.

वहिनी जागच्या जागी थांबल्या. जाऊन त्यांनी कळ दाबली, दिवा विझवला, आणि तिथूनच दादाकडे बघून मानेने 'पुन्हा' अशी खूण केली. दादाने पुन्हा बोट लावलं. दिव्याने पुन्हा दोनदा डोळा मारला.

त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"डोळा मारायचा तो," त्या म्हणाल्या. "आधी मारायचा, आणि मध्ये मारत नव्हता. मला भास नव्हता झाला."

"नाही झाला," खटपट्या पुटपुटला.

"मान वर करा, भाऊजी. खाली बघून बोललात तर मला कसं कळणार?"

त्याने मान वर केली. वहिनींची नजर त्याच्या ओठांवर होती. आयुष्यभर ज्या नजरेने त्या सगळ्यांचं बोलणं वाचत आल्या, त्याच नजरेने. तिच्यापुढे शब्द गिळता येत नाही, अर्धा बोलता येत नाही. त्याने सगळं सांगितलं. जादा आणलेले दोन बोर्ड, सेम टू सेम म्हणणारा दुकानदार, आकाशघड्याळ, दोन तिरप्या रेघा. पापणी लवली असेल म्हणाला होता ते. आणि शेवटी, सगळ्यात अवघड, तो प्लग.

"म्हणजे त्या दिवशी मी जागी होते," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"बघत होते."

"हो, वहिनी. दिवाच लागला नाही."

वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या. हातातला सदरा त्यांनी मांडीवर ठेवला आणि त्यावरून उगाच हात फिरवत राहिल्या. खटपट्याला वाटलं त्या रडतील, नाहीतर शिव्या देतील. दोन्ही सोसायची त्याची तयारी होती.

"मी वेडी झाले असं वाटत होतं मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज येऊन अर्धा कप चहा पीत होतात."

खटपट्याने हातातली पक्कड जमिनीवर ठेवली.

"असू दे," दादा म्हणाला. "असू दे. असू दे." डावा हात वहिनींच्या गुडघ्यावर आला.

वहिनींनी त्याचे ओठ बघितले आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

"तुमचं असू दे असेल," त्या म्हणाल्या. "माझं नाही."

त्या उठल्या आणि बॅगेतले सदरे काढून पुन्हा कपाटात ठेवायला लागल्या. एकावर एक, घड्या न मोडता. खटपट्याने डुप्लिकेट बोर्ड खिशात टाकला, हत्यारं गोळा केली आणि पिशवीचा बंद ओढला.

"कुठे निघालात?"

"मी... संध्याकाळी येतो, वहिनी."

"पोरीला फोन लावा. उद्याची गाडी तिने ठरवलीय. मला फोनवर ऐकू येत नाही, तुम्हाला माहितीये. तुम्हीच सांगा."

"संध्याकाळी निवांत—"

"आत्ता. इथे बसून."

त्यांनी स्टूल ओढून त्याच्या बरोबर समोर ठेवलं आणि त्या त्यावर बसल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याच्या ओठांवर नजर ठेवली.

खटपट्याने फोन लावला. पलीकडे दोनदा घंटी वाजली.

"बोला, काका. गाडी नऊला येतेय म्हणून सांगितलंय ना आईला?"

त्याची मान सवयीने खाली गेली. समोर वहिनींनी एक बोट वर केलं. त्याने मान वर केली आणि एकेक शब्द ओठांवर नीट दिसेल असा, सावकाश बोलला.

"गाडी नको," तो म्हणाला. "तुझ्या आईचा डोळा लागला नव्हता."